गोलबाजारातल्या फुलवाती

मागच्या भाद्रपदात चार दिवस रायपूरला माहेरी गेले होते. पितृपक्ष सुरू होता. दुपारचा चहा झाल्यावर आईने माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली.

"गोलबाजारातून एवढं आणून दे गं. माझे गुडघे आता तेवढं चालू देत नाहीत."

चिठ्ठीत पाच जिन्नस होते. फुलवाती, समईच्या लांब वाती, कापूर, उदबत्ती आणि तिळाचं तेल अर्धा किलो.

मी मान वर करून पाहिलं. आई कपबशा गोळा करत होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "यंदा मला ह्यांच्या नावाने दिवा लावायचा आहे. आज रात्रभर ठेवीन म्हणते. तुला पटत नसेल तर तू आतल्या खोलीत झोप."

आता तुम्ही म्हणाल, पितृपक्षात बायकोने नवऱ्याच्या नावाने दिवा लावायचा म्हटलं, तर त्यात एवढं काय? पण आमच्या घरात ते वाक्य सोपं नव्हतं. माझे बाबा नास्तिक होते. मीही आहे. आणि दोन वर्षांपूर्वी याच दिव्यावरून मी आईशी जशी वागले, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर तात्यापाऱ्यात. रायपूरला मराठी माणसं कुठून आली, असं पुण्या-मुंबईचे लोक मला नेहमी विचारतात. भोसल्यांच्या राज्यापासूनची घरं इथे आहेत, आणि १९५६ पर्यंत तर नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होतं. त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने वऱ्हाडाकडची पुष्कळ कुटुंबं इकडे आली आणि इथलीच झाली. माझे आजोबा त्यांतलेच. घरात मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा आम्ही एकाच श्वासात बोलतो आणि तिन्हींत चुका करतो!

बाबा सरकारी कचेरीत होते. बी.ए.ला त्यांनी संस्कृत घेतलं होतं. त्यांचा नास्तिकपणा आरडाओरड्याचा नव्हता. ते देवळात जात नसत, कुणी प्रसाद दिला तर पेढा म्हणून खात, आणि लग्नामुंजीत मंगलाष्टकांना अक्षता टाकायच्या वेळी हटकून बाहेर चपला सांभाळत उभे राहत. आईचं सगळं उलट. तिचा देव्हारा भरगच्च. देव्हाऱ्याशेजारी दासबोध. हा दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच रायपूरला राहिले, याचा तिला केवढा अभिमान! बाबा त्यावर म्हणत, "नेलं ते चांगलंच केलं. पण चार्वाकालाही कुणी तरी न्यायला हवं होतं."

चार्वाक हा बाबांचा हळवा कोपरा. त्यांची तक्रार अशी, की आपल्याकडे या बिचाऱ्याला बोलू दिलं ते फक्त त्याला खोडून काढायला. चौदाव्या शतकातला माधवाचार्यांचा 'सर्वदर्शनसंग्रह' सुरू होतो चार्वाकापासून, पण तो पहिली पायरी म्हणून. पाय ठेवायचा आणि वर चढायचं. लोकायतांचे मूळ ग्रंथ नाहीसेच झाले. जे उरलं ते विरोधकांच्या पुस्तकांत, पूर्वपक्ष म्हणून. अपवाद एक. जयराशि भट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह'. त्याची ताडपत्रांवरची पोथी पाटणच्या जैन भांडारात मिळाली आणि १९४० साली बडोद्याहून ती छापून निघाली. हा जयराशि तर चार्वाकाच्याही पुढचा. अनुमान खोटं म्हणता ना, मग डोळ्यांनी दिसतं ते तरी खरं कशावरून, असं विचारणारा. हजारएक वर्षं हा माणूस एका बस्त्यात बांधलेला होता आणि त्याला सांभाळलं कुणी, तर ज्यांची मतं त्याने खोडली त्यांच्यातल्याच जैनांनी! ही गोष्ट सांगताना बाबांना फार मजा वाटे.

पण ते खरे रमत नाटकात. त्यांचं म्हणणं, ग्रंथातला पूर्वपक्ष म्हणजे नुसता आवाज. नाटकात त्याला पोट असतं, मित्र असतो, अंधाराची भीती असते. नाटककाराने नास्तिकाला एकदा रंगभूमीवर आणला की त्याला चार वाक्यं चांगली द्यावीच लागतात, नाही तर नाटक पडतं.

याचा पुरावा म्हणून ते 'प्रबोधचंद्रोदय' काढत. अकराव्या शतकातलं हे कृष्णमिश्राचं नाटक, चंदेल राजा कीर्तिवर्म्याच्या काळातलं. पात्रांची नावंच विवेक, महामोह, श्रद्धा, शांती अशी. शेवटी विवेक जिंकणार हे पहिल्या पानावर कळतं. महामोहाच्या बाजूने जी मंडळी येतात त्यांत चार्वाक आहे. तो हरायलाच आलेला आहे. तरीपण त्याच्या तोंडी असे मुद्दे आहेत, की नाटक संपल्यावर विवेकाची भाषणं विसरतात आणि हे डोक्यात राहतात. त्यांतला एक मुद्दा असा: मेलेल्या माणसाला श्राद्धाने तृप्ती होत असेल, तर विझलेल्या दिव्यातही तेल ओतल्यावर ज्योत मोठी व्हायला हवी.

हे मी चौदा-पंधरा वर्षांची असताना ऐकलं. ते वय म्हणजे असा मुद्दा हातात आला की कुणावर तरी चालवून बघायचं वय! पुढे पत्रकारितेच्या पदविकेसाठी नागपूरला राहिले, तेव्हा वसतिगृहात गणपतीच्या दिवसांत मी याच भांडवलावर वाद जिंकत असे. तेव्हा मुली मला एक ठरलेला प्रश्न विचारत. देव नाही म्हणतेस, तर मग वाईट वागण्यापासून तुला अडवतं कोण?

त्यावरही बाबांनी मला नाटकच दिलं होतं. शूद्रकाचं 'मृच्छकटिक'. आपल्याला ते देवलांच्या संगीत नाटकामुळे ठाऊक असतं. मूळ नाटक दहा अंकांचं. त्याच्या आठव्या अंकात राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेला एका ओसाड बागेत गाठतो आणि बरोबरच्या विटाला सांगतो, हिला मारून टाक. विट म्हणतो, असं पाप केलं तर परलोकाची नदी मी कोणत्या नावेने ओलांडू? शकार म्हणतो, नाव मी देतो! इथे कोण बघतंय? विट म्हणतो, दाही दिशा बघताहेत, चंद्रसूर्य बघताहेत, माझा अंतरात्मा बघतोय. त्यावर शकाराचा तोडगा ऐका: मग हिच्यावर कापड झाक आणि मार. प्रेक्षक हसतात, आणि हसता हसता अंगावर काटा येतो.

मग शकार आपल्या गुलामाला, स्थावरकाला, सोन्याची कडी देतो म्हणून लालूच दाखवतो. स्थावरक नकार देतो. का, तर परलोकाला भितो म्हणून. हा परलोक कोण बुवा, असं शकार विचारतो. पुण्याचं फळ म्हणजे तुम्ही आणि पापाचं फळ म्हणजे दुसऱ्याचं अन्न खाणारा मी, असं तो गुलाम सांगतो. म्हणजे या अंकात खून टाळणारा एक जण परलोकावर विश्वास ठेवणारा आहे, हे मला कबूल करावं लागतं. बाबाही ते कबूल करत. प्राचीन ग्रीसमधला एक नाट्यांश आहे. कुणी तो क्रिटियसचा म्हणतात, कुणी युरिपिडिसचा. त्यातलं पात्र म्हणतं, एकांतातही माणसाने वाईट वागू नये म्हणून कुणा शहाण्याने देव शोधून काढला. पण शूद्रकाच्या बागेत तसं सरळ होत नाही. शकाराला रामायण-महाभारतातली नावं तोंडपाठ आहेत, सगळी चुकीची असली तरी! देवांची नावं घेणारा तोच गळा दाबतो. आणि परलोकाला भिणारा स्थावरक पुढे बेड्यांसकट माडीवरून उडी मारून सत्य सांगायला धावतो, तेव्हा तो गुलाम म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही. दैव म्हणून म्हणा की योगायोग म्हणून म्हणा, चारुदत्त सुळावरून वाचतो. नाटक शेवटी माणसाच्या नशिबाला रहाटाच्या पोहऱ्यांची उपमा देतं. एक भरतो, एक रिकामा होतो. त्याला देव म्हणायचं की नाही, हे शूद्रक आपल्यावर सोडतो.

'मृच्छकटिक' आमच्या घरात एवढं असण्याला रायपूर हेही कारण आहे. हबीब तन्वीर इथलेच. १९२३ चा जन्म, शाळा रायपूरची लॉरी म्युनिसिपल हायस्कूल, बी.ए. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. युरोपात नाटक शिकून परतल्यावर ते १९५८ साली रायपूरला आले आणि रात्रभर बसून नाचा पाहिला. नाचा म्हणजे छत्तीसगडचा तमाशाच म्हणा ना. बायकांचं सोंग घेतलेले पुरुष, दोन विदूषक आणि पहाटेपर्यंत चालणाऱ्या नकला. त्यांतले सहा कलावंत घेऊन ते दिल्लीला गेले आणि 'मिट्टी की गाडी' केलं. तेच हे मृच्छकटिक. संस्कृत नाटकाला मोकळं अंगण मिळालं ते रायपूर-राजनांदगावकडच्या या गावकरी नटांमुळे, असं बाबा छाती फुगवून सांगत.

मी स्वतः पाहिलं ते 'चरणदास चोर'. शाळेत होते. १९७५ सालचं हे नाटक, १९८२ साली एडिंबरोला बक्षीस मिळवून आलेलं. चरणदास गुरूपुढे गमतीगमतीत शपथा घेतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराला असल्या गोष्टी कोण देतंय, म्हणून बिनधास्त घेतो. गुरू आणखी एक घालतो, खोटं बोलायचं नाही. आणि मग एकेक गोष्ट खरोखरच समोर येत जाते. शेवटी शब्द पाळल्यापायी चोर मरतो. घरी येताना रिक्षात मी बाबांना विचारलं, "चरणदास देवाला मानत होता का हो?" बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तो दिलेला शब्द मानत होता. मरायला तेवढं पुरलं."

याच नाटकमंडळींच्या 'पोंगा पंडित'चे प्रयोग २००३ साली मध्य प्रदेशात गोंधळ घालून उधळले गेले. हा तर नाचातला जुना खेळ, हबीबसाहेबांच्याही आधीचा. गावच्या चावडीसमोर लोक ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या हसले, ते एकाएकी सहन होईनासं झालं. पुढे २०१३ साली पुण्यात नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. डॉ. श्रीराम लागू आणि दाभोलकर गावोगाव जाऊन देव या विषयावर लोकांशी वाद-संवाद करत, त्याची कात्रणं त्यांनी जपून ठेवली होती. लागूंनी 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये सॉक्रेटिसची भूमिका केली, ते नाटक बघायला मिळालं नाही याची चुटपूट त्यांना कायम होती.

असे माझे बाबा दोन वर्षांपूर्वी माघात गेले. रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. माझं दहावं-तेरावं करायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं आणि आईने ते मान्य केलं होतं. तिने कशालाच हट्ट धरला नाही. फक्त त्या संध्याकाळी सगळे स्मशानातून परतल्यावर तिने स्वयंपाकघरातून एक पणती आणि तेलाची बाटली आणली. बाबांची खाट होती त्या कोपऱ्यात ती वाकली. दक्षिणेकडे वात करून दहा दिवस दिवा ठेवतात, तो ठेवायला.

घर माणसांनी भरलेलं होतं. माझ्या अंगात कुठलं बळ आलं होतं कोण जाणे. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आई, हे काय चाललंय? बाबा काय सांगायचे? विझलेल्या दिव्यात कितीही तेल ओतलं तरी ज्योत मोठी होते का?"

आई वाकलेली होती, ती तशीच थांबली. मग सरळ झाली. बाटलीला बूच लावलं आणि ती फळीवर नेऊन ठेवली. मागून कुणी तरी म्हणालं, "वा, वडिलांची मुलगी शोभतेस!" खरं सांगते, त्या क्षणी मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

त्यानंतर आईने दिव्याचा विषय काढला नाही. पहिला पितृपक्ष आला नि गेला. दुसरा आला, तेव्हा तिने मला ती चिठ्ठी दिली.

तात्यापाऱ्यातून शारदा चौक, तिथून जयस्तंभ आणि मग मालवीय रोडला वळलं की गोलबाजार. रिक्षा, हातगाड्या, मोटारसायकली, आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या बायका. इथे बांगड्या मिळतात, मसाले मिळतात, लग्नातले मुकुट मिळतात, सुपं-टोपल्या मिळतात. रायपूर राजधानी झाल्याला पंचवीस वर्षं झाली, शहरात केवढाले मॉल उभे राहिले, पण घरात कार्य निघालं की माणूस येतो तो इथेच.

पूजेच्या सामानाच्या एका बोळकंडीएवढ्या दुकानात मी शिरले. गल्ल्यावर साठी उलटलेले गृहस्थ होते. फुलवात हा शब्द त्यांना कळायचा नाही म्हणून मी हिंदीत म्हटलं, "भैया, दिये की बत्ती दीजिए. वो छोटी, गोल वाली."

"फुलवात?" ते म्हणाले.

मी चमकले. म्हटलं, तुम्हाला हा शब्द कसा ठाऊक?

"तात्यापारा के एक बाबूजी ने सिखाया. हर महीने पहले इतवार को आते थे. छाता और कपड़े की थैली. चिट्ठी पढ़ के सुनाते थे, फुलवात, लंबी वात, कापूर. दो साल हो गए, आए नहीं."

छत्री आणि कापडी पिशवी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा 'जरा बाजारात जाऊन येतो' म्हणून बाहेर पडत, ते तासाभराने येत. मला वाटे, जयस्तंभावर मासिकं चाळत उभे राहत असतील. पूजेचं सामान आईच आणत असेल, असंच मी धरून चालले होते. म्हणजे खरं तर ते कुठून येतं याचा मी कधी विचारच केला नव्हता.

ते माझे वडील, आता नाहीत, असं मी सांगितलं. गृहस्थांनी हातातला तराजू खाली ठेवला. थोड्या वेळाने त्यांना हसू आलं.

"मानते कुछ नहीं थे, और ले जाते सब थे! एक दिन मैंने पूछ ही लिया, बाबूजी, जब भगवान ही नहीं है तो ये बत्ती किसके लिए? तो बोले, भगवान नहीं है भैया, घरवाली तो है."

मलाही हसू फुटलं, आणि त्याच्या मागोमाग डोळे भरून आले. गिऱ्हाईकं खोळंबली होती. एक म्हातारी बाई माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "का होगे नोनी?" काही नाही म्हणाले आणि सामान घेतलं. पैसे गृहस्थांनी पुरते मोजून घेतले. ते मला बरंच वाटलं. फुकट दिलं असतं तर मी तिथेच रडले असते.

परतताना पिशवी हातात होती आणि डोक्यात मृच्छकटिकाचा पहिला अंक. तो मला पाठ आहे असं मी समजत होते. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी त्यातला मैत्रेयाचा प्रश्न असा काही फेकला होता, की परीक्षक दचकले होते. चारुदत्त सगळं दान करून दरिद्री झालेला. संध्याकाळची पूजा आटोपून तो मित्राला, मैत्रेयाला म्हणतो, चव्हाट्यावर जाऊन मातृदेवतांना बळी ठेवून ये. मैत्रेय म्हणतो, मी जायचा नाही. एवढी पूजा करूनही देव तुला पावत नाहीत, तर त्यांना पूजून उपयोग काय?

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एका ब्राह्मणाच्या तोंडी घातलेला प्रश्न. मी तेवढाच उचलला होता. बाबांनी मात्र मला तो सगळा प्रवेश वाचून दाखवला होता, एकदा नाही, पुष्कळदा. पुढचं मी ऐकलंच नव्हतं.

चारुदत्त मैत्रेयाशी वाद घालत नाही. गृहस्थाचा हा रोजचा धर्म आहे, एवढं सांगतो. मैत्रेय तरी नाहीच म्हणतो. दुसऱ्या कुणाला पाठव, रस्त्यावर या वेळी नको नको ते लोक फिरतात, म्हणतो. म्हणजे त्याच्या नास्तिकपणात थोडी अंधाराची भीतीही मिसळलेली आहे बरं का! आणि मुख्य म्हणजे त्यात राग आहे. देवावर नाही, मित्राच्या वाट्याला आलेल्या दारिद्र्यावर. मग चारुदत्त पुन्हा विचारतो आणि नकार ऐकून खिन्न होतो. गरीब झालं की मित्रही ऐकत नाहीत, असं काहीसं बोलतो. तेव्हा मैत्रेय विरघळतो. दासी रदनिकेला बरोबर घेतो, दिवा घेतो आणि निघतो. त्याचं मत बदललेलं नसतं. देव पावत नाहीत असंच तो अजूनही समजत असणार. पण बाजूचं दार तो उघडतो.

आणि नाटक घडतं ते त्या उघडलेल्या दारामुळे. शकाराच्या तावडीतून पळणारी वसंतसेना बाहेर अंधारात उभी असते. ती पदराने दिवा विझवते आणि आत शिरते. मैत्रेयाला वाटतं, वाऱ्याने विझला. तो दिवा पुन्हा लावून आणायला आत जातो. त्या बळीची गोष्ट मग मागेच पडते. पण संशयी मैत्रेय मित्रासाठी उठला नसता, तर दार बंदच राहिलं असतं आणि वसंतसेना शकाराच्या हाती सापडली असती.

बाबांना या प्रवेशात काय दिसत होतं, ते मला गोलबाजारातून येताना, जयस्तंभ चौकात सिग्नल सुटायची वाट बघताना कळलं. तीस-पस्तीस वर्षं हा माणूस छत्री घेऊन फुलवाती आणायला जात होता आणि घरी येऊन चार्वाक वाचत होता. त्यांना त्यात विसंगती वाटत नसावी. मला मात्र इतकी वर्षं वाटत होतं, की नास्तिक असणं म्हणजे कुणाच्या तरी हातातली तेलाची बाटली खाली ठेवायला लावणं.

मी अजूनही नास्तिकच आहे. कृष्णमिश्राच्या चार्वाकाचा तो मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. पण तो राजाच्या दरबारात, भरल्या पोटी, यज्ञ करणाऱ्या शास्त्र्यांना उद्देशून केलेला मुद्दा आहे. नुकतंच कुंकू पुसलेल्या बाईला उद्देशून चार्वाकसुद्धा तो बोलला नसता, असं मला आपलं वाटतं.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने पिशवीतल्या वस्तू एकेक काढून पाहिल्या. मी तिला दुकानातली गोष्ट सांगितली. घरवालीवाल्या वाक्याला ती लाजली. तिला लाजताना मी किती तरी वर्षांनी पाहिलं.

"मला ठाऊक होतं की," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्यांदा आणायला गेले, तर फुलवातींऐवजी नाडा घेऊन आले होते. मग मी चिठ्ठी लिहून द्यायला लागले."

मी म्हटलं, "आई, त्या दिवशी मी तुला तसं बोलायला नको होतं."

ती वाती तुपात भिजवत होती. बराच वेळ काही बोलली नाही.

"तू बोललीस ते ह्यांनीच शिकवलेलं होतं," ती मग म्हणाली. "पण ह्यांनी ते मला कधी म्हटलं नव्हतं."

आणि थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं म्हणाली, "मला तरी कुठे वाटत होतं, दिव्याने ह्यांना काही पोचेल म्हणून? ह्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर मलाही थोडं कळतं. पण त्या दहा रात्री मला झोप येणार नव्हतीच. दिवा असता तर तेल घालायला उठायचं निमित्त झालं असतं. नुसतंच उठून बसलं, की तुम्ही सगळे जागे होऊन विचारत होतात, काय झालं, काय झालं."

त्या रात्री खाटेच्या कोपऱ्यात, आता तिथे पुस्तकांचं कपाट आहे, आईने समई लावली. मी हात जोडले नाहीत आणि आतल्या खोलीतही गेले नाही. तिच्याशेजारीच अंथरूण घातलं. दोनच्या सुमाराला जाग आली. आई गाढ झोपली होती. समईतलं तेल तळाला गेलं होतं आणि वात तडतडत होती. मी उठले, फळीवरची बाटली काढली आणि तेल घातलं.

बाटलीला बूच लावत होते, तेवढ्यात अंधारातून आईचा आवाज आला, "वात जरा पुढे सरकव. आत गेली असेल."

मी सरकवली.